घरच्या पोहण्याच्या तलावाचा पंप

बंगल्याच्या आवारांतील पोहण्याचा तलाव पाहुण्यांना मोठ्या हौसेनें दाखविला जातो. त्याचा पंप मात्र कोणी कोणास दाखवीत नाहीं. बोगनवेलीच्या आडोशाला, गुडघाभर उंचीच्या कोठडींत, ओल आणि पालापाचोळा यांच्या संगतींत तो वर्षानुवर्षें घरघरत असतो, आणि घरच्या मंडळींना त्याची आठवण होते ती तो बंद पडल्यावरच. मग घाई सुटते. मे महिन्याचे दिवस असतात, मुलांना सुटी असते, दोन दिवसांत पाण्याला हिरवट झांक येते आणि चौथ्या दिवशीं तळ दिसेनासा होतो. अशा वेळीं माळ्याला किंवा नळकाम करणाऱ्या कारागिराला दुकानांत धाडलें जातें, आणि निरोप बहुधा एकच असतो: “होता तेवढाच आण, मिळाला तर थोडा मोठा आण.” या निरोपाचा दुसरा अर्धा भाग घरधन्याला पुढें दहा वर्षें विजेच्या बिलांतून फेडावा लागतो, आणि क्वचित् प्रसंगीं त्याची किंमत पैशांत मोजण्यासारखी राहत नाहीं.

मोठा कीं लहान हा वाद पुढचा. त्यापूर्वीं एक साधा प्रश्न विचारला पाहिजे, व तो फारसा विचारला जात नाहीं: पंप खरोखरच मेला आहे काय? पंप म्हणून जी वस्तु ओळखली जाते तिचे वस्तुतः तीन भाग असतात. पुढें जाळीच्या टोपलीचें भांडें, ज्यांत पानें, केंस, किडे अडकतात. मध्यें पाणी फेकणारें पात्यांचें चाक, ज्याला कारागीर इंपेलर म्हणतात. आणि मागें तें चाक फिरविणारी विजेची मोटार. या तिघांचीं दुखणीं निराळीं आणि औषधेंही निराळीं. बटण दाबल्यावर मोटार नुसती गुणगुणते आणि फिरत नाहीं, परंतु वीज पूर्ण तोडून पाहिलें असतां तिचा दांडा हातानें सहज फिरतो. अशा वेळीं सुरुवातीचा धक्का देणारा कंडेन्सर निकामी झालेला असण्याचा संभव फार. तो बदलणें हें अर्ध्या तासाचें काम आहे. मोटार मजेंत फिरते, पण पाणी येत नाहीं किंवा बुडबुड्यांसह येतें, तर दोष मोटारीचा नव्हे. टोपलीच्या झांकणाखालचें रबरी कडें सुकून चिरलें असेल व तेथून पंप हवा ओढीत असेल, किंवा तलावांतील पाणीच कांठाजवळच्या शोषणाच्या तोंडाखालीं उतरलें असेल.

पाणी मंद झालें असतां गाळणीवरील दाबाचा कांटा पाहावा. कांटा वर चढला असेल तर गाळणी कोंदली आहे. ती उलट्या प्रवाहानें धुतली म्हणजे काम झालें. कांटा खालीं आला असेल तर अडथळा गाळणीच्या अलीकडे आहे: टोपली भरली आहे, किंवा इंपेलरच्या पात्यांमध्यें कांहीं बसलें आहे. ज्या आवारांत गुलमोहर आहे तेथें हें नेहमीचेंच. त्याचीं इवलालीं पानें जाळींतून सुखानें पार होतात आणि पात्यांच्या फटींत चिखलासारखीं साठतात. शेवटचें लक्षण सर्वांत फसवें आहे. पंप आणि मोटार यांच्या सांध्यांतून थेंब थेंब पाणी ठिबकूं लागतें. पंप चालू असतो, पाणी स्वच्छ असतें, म्हणून कोणी लक्ष देत नाहीं. आंतील मेकॅनिकल सील झिजल्याची ती खूण असते. तें सील कांहीं शें रुपयांत मिळतें. परंतु तेंच पाणी दांड्यावरून मोटारीच्या बेअरिंगपर्यंत पोंचलें कीं प्रथम कर्कश आवाज, मग गंज, आणि शेवटीं जळलेलें वाइंडिंग, असा क्रम ठरलेला आहे. पुष्कळ मोटारी विजेनें मरत नाहींत. त्या या ठिबकणाऱ्या पाण्यानें मरतात.

मोटार जळली व पंपाचें अंग शाबूत असलें तर त्याच मापाची नुसती मोटारही बसवितां येते. तथापि जुना पंप गरजेपेक्षां मोठा असेल तर ती चूक दुरुस्त करण्याची संधि तीच होय. आणि तो गरजेपेक्षां मोठा होता कीं नाहीं, हें ठरविण्यासाठीं “मोठा पंप बरा” ही समजूत प्रथम तपासून पाहिली पाहिजे.

ती समजूत मुळांत खोटी नाहीं; ती दुसऱ्या जागेवरून उचलून आणलेली आहे, एवढेंच. महाराष्ट्रांतील माणसाची पंपाशीं ओळख झाली ती विहिरीच्या कांठीं. इ. स. १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसली, आणि पुढें तेथून व इतर कारखान्यांतून निघालेल्या पंपांनीं गांवोगांवच्या मोटा हळूहळू सोडविल्या. विहिरीचें पाणी चाळीस-पन्नास फूट वर चढवावयाचें असतें. ही चढण ठरलेली. तिच्यांत सूट नाहीं. पंपाचा जोर चढणीला पुरला नाहीं तर पाणी अर्ध्या वाटेंत उभें राहतें आणि पाटांत थेंबही पडत नाहीं. शहरांतील गच्चीवरच्या टांकीचेंही तेंच. तेव्हां विहिरीवर आणि इमारतीच्या जिन्याखालीं “थोडा मोठा घ्या” हा सल्ला वावगा ठरत नाहीं.

तलावांत ही चढणच नसते. पाणी तलावांतून निघतें, पंपांतून व गाळणींतून जातें, आणि त्याच तलावांत परत येतें. वाटेंत तें जेवढें चढतें तेवढेंच उतरतें, जमाखर्च शून्य. मग पंप सारा दिवस जोर लावतो तो कशावर? नळांच्या भिंतींवर, कोपऱ्यांवर, व्हाल्वांवर आणि गाळणींतील वाळूवर. त्याचें सारें काम घर्षणाशीं आहे, आणि घर्षणाचा स्वभाव चढणीपेक्षां अगदीं निराळा असतो. चढण स्थिर असते. घर्षण पाण्याच्या वेगाबरोबर वाढतें, आणि तेंही बेताबेतानें वाढत नाहीं. नळांतून पाणी दुप्पट वेगानें ढकललें तर अडथळा दुप्पट न होतां सुमारें चौपट होतो. अडथळा चौपट, आणि त्याच वेळीं जाणारें पाणी दुप्पट; म्हणून लागणारी शक्ति आठपट. उलट वेग निम्मा केला तर अडथळा चौथ्या हिश्श्यावर येतो आणि शक्ति आठव्या हिश्श्यावर. निम्म्या वेगानें तेंच पाणी गाळण्यास वेळ दुप्पट लागेल हें खरें. परंतु आठवा हिस्सा शक्ति दुप्पट वेळ चालविली तरी एकूण वीज चौथाईच लागते. गच्चीवरील टांकीला हा हिशेब लागू नाहीं. तेथें पंपाचा वेग निम्मा केला तर पाणी निम्में न होतां बहुधा बंदच होईल. तलावावर मात्र मंद पंप हा काटकसरीचा पंप होय.

हें एका उदाहरणानें पाहतां येईल. आकडे गोल घेतले आहेत, तरी ऐकणाऱ्यानें कागद-पेन्सिल हातीं धरली तर बरें. समजा, तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल आहे. त्यांत सुमारें ४५ घनमीटर, म्हणजे ४५,००० लिटर पाणी मावेल. एवढें पाणी सहा तासांत एकदां गाळणींतून जावें असें ठरविलें तर ताशीं ७,५०० लिटर, म्हणजे मिनिटास १२५ लिटर पाणी वाहिलें पाहिजे. येथें एक खुलासा हवा. तलावाइतकें पाणी गाळणींतून गेलें म्हणजे तलावांतील सारें पाणी गाळलें गेलें असें नव्हे. गाळलेलें पाणी न गाळलेल्यांत मिसळत राहतें आणि कांहीं पाणी दोनदां जातें, तर कांहीं मुळींच जात नाहीं. मिसळणें सारखें होत असेल तर एका फेरींत सुमारें ६३ टक्के, दोन फेऱ्यांत ८६ टक्के आणि तीन फेऱ्यांत ९५ टक्के पाणी गाळणी पाहून येतें. घरच्या तलावांत पोहणारे थोडे असतात. तेथें क्लोरिनची मात्रा नीट राखली तर दिवसास एक ते दोन फेऱ्या बहुधा पुरतात. सार्वजनिक तलावाचे नियम घराला लावण्याचें कारण नाहीं.

पाणी किती हवें हें कळलें. तें ढकलण्यास जोर किती हवा, हें जुना पंप चालू असतांनाच मोजून ठेवलें असेल तर उत्तम. गाळणीवर दाबाचा कांटा असतोच. पंपाच्या शोषणाच्या बाजूसही ओढ मोजणारा कांटा लावतां येतो. टोपलीच्या भांड्याला तळाशीं जो पाणी सोडण्याचा स्क्रू असतो त्या जागीं तो सहसा बसतो. दर चौरस सेंटिमीटरला १ किलोग्रॅम दाब म्हणजे १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. आणि पाऱ्याची १५० मिलिमीटर ओढ म्हणजे पाण्याचे सुमारें २ मीटर. गाळणीवर ०.८ आणि ओढीच्या कांट्यावर १५० दिसत असेल तर आठ आणि दोन मिळून अडथळा दहा मीटरांचा. दुकानदार यालाच “हेड” म्हणतो.

पाणी प्रत्यक्ष किती वाहतें हें पाहण्यासही मोठें यंत्र लागत नाहीं. गाळणीच्या व्हाल्वाची मूठ पाणी बाहेर टाकण्याच्या खुणेवर ठेवावी आणि घड्याळ लावून पंप पांच मिनिटें चालवावा. वरील तलावाचें क्षेत्रफळ ३२ चौरस मीटर आहे. त्याची पातळी २ सेंटिमीटर उतरली तर ६४० लिटर पाणी गेलें, म्हणजे मिनिटास १२८. या वाटेनें जातांना पाणी वाळूंतून जात नाहीं, म्हणून हा आंकडा खऱ्यापेक्षां किंचित् मोठा येतो. पण दुकानांतील अंदाजापेक्षां तो शतपट विश्वसनीय समजावा. बाहेर पडलेलें पाणी क्लोरिनचें असल्यामुळें तें थेट तुळशीवृंदावनांत सोडूं नये, एवढी काळजी पुरे.

मिनिटास १२५ लिटर पाणी दहा मीटर अडथळ्याविरुद्ध ढकलण्यास पाण्यावर खर्च होणारी शक्ति केवळ २०४ वॅट आहे. लहान पंपाची कार्यक्षमता निम्म्याच्या आसपास, मोटारीची पाऊण धरली तरी विजेच्या मीटरवर सुमारें ५५० वॅट पडतात. म्हणजे पाऊण अश्वशक्तीचा पंप या तलावाला पुरतो. सहा तासांत तो ३.३ युनिटें खातो. आतां तोच माळी या जागीं तिप्पट शक्ति घेणारा पंप घेऊन आला असें समजावें. नळ तेच, गाळणी तीच. शक्ति तिप्पट झाली म्हणून पाणी तिप्पट होत नाहीं. आठपटीला दुप्पट या न्यायानें तिपटीला तें १.४४ पट, म्हणजे दीडपटही भरत नाहीं. सहा तासांत सुमारें दहा युनिटें जळतात. घरधनी हिशेबी असेल आणि पाणी जास्त येतें म्हणून पंप सव्वाचार तासच चालवील, तरीही जवळजवळ सात युनिटें जातील. लहान पंपाच्या दुपटीहून अधिक. महाराष्ट्रांत घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्यानें चढत असल्यामुळें हीं वरचीं युनिटें नेमकीं महाग टप्प्यांत पडतात, हेंही ध्यानांत ठेवावें.

जास्त पाण्यानें निदान तलाव तरी अधिक स्वच्छ होतो काय? तसेंही नाहीं. पांचशें मिलिमीटर व्यासाच्या वाळूच्या गाळणीचें तोंड ०.२ चौरस मीटरांहून थोडें कमी असतें. ताशीं ७.५ घनमीटर पाणी तिच्यांतून सोडलें तर वाळूवरून पाण्याचा वेग ताशीं सुमारें ३८ मीटर पडतो. पन्नासाच्या आंत हा वेग घरगुती गाळणीला मानवतो. मोठ्या पंपानें तो पंचावन्नावर जातो. मग पाणी वाळूंत वाटा पाडतें, अडकलेली बारीक घाण पुढें रेटतें, आणि तलाव गढूळच राहतो. घरधनी तें गढूळ पाणी पाहून आणखी मोठ्या पंपाचा विचार करूं लागतो. नळांचीही तीच तक्रार. पन्नास मिलिमीटर बाहेरील व्यासाच्या पी. व्ही. सी. नळाला आंतून सुमारें ४५ मिलिमीटर वाट असते, तींत ७.५ घनमीटरांना सेकंदास १.३ मीटर वेग लागतो, तर मोठ्या पंपाला १.९. शोषणाच्या नळांत १.८ मीटरांच्या वर जाऊं नये असा साधारण दंडक आहे. तो ओलांडला म्हणजे पंप उपाशी पडतो, आणि पोटांत खडी भरल्यासारखा आवाज करूं लागतो. त्या आवाजांतील प्रत्येक टचकारीबरोबर इंपेलरची धार झिजत असते. म्हणून पंप बदलतांना जुना शोषणाचा नळ ६३ मिलिमीटरांचा करणें आणि पंपाच्या तोंडाशीं असलेले दोन-तीन कोपरे काढून नळ सरळ आणणें हा खर्च मोठ्या पंपावरील खर्चापेक्षां अधिक फळ देतो.

दुकानांत गेल्यावर अश्वशक्ति या शब्दावर फार विसंबूं नये. विशेषतः अमेरिकन पंपांवर या शब्दानें मोठा घोटाळा केला आहे. तेथें मोटारीवर लिहिलेल्या अश्वशक्तीबरोबर एक गुणक दिलेला असतो. मोटार न जळतां लिहिल्यापेक्षां किती जास्त भार कायम घेऊं शकेल, हें तो सांगतो. एका पाटीवर १ अश्वशक्ति आणि गुणक १.६५ असतो, दुसरीवर दीड अश्वशक्ति आणि गुणक १.१. गुणाकार केला तर दोन्ही १.६५, मोटार एकाच ताकदीची, पाट्या मात्र दोन. ज्यानें पहिली जुनी पाटी वाचून दुसरी “थोडी मोठी” म्हणून घेतली त्यानें जास्त पैसे देऊन तेंच आणलें. आणि ज्यानें पहिल्या प्रकारच्या एक अश्वशक्तीऐवजीं त्याच प्रकारची दीड घेतली त्यानें न कळत जवळजवळ अडीच घेतली.

परदेशी माहितीपत्रक वाचतांना दुसरी एक गोष्ट पाहावी. अमेरिकेंत विजेचीं आवर्तनें सेकंदास ६०, हिंदुस्थानांत ५०. तेथें मिनिटास ३,४५० फेरे घेणारी साधी मोटार येथें २,८७५ फेऱ्यांच्या आसपास फिरते. पाणी सहाव्या हिश्श्यानें घटतें आणि हेड जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानें. शिवाय साठ आवर्तनांसाठींच बांधलेली मोटार पन्नासांवर तापते. तेव्हां आलेख पन्नास आवर्तनांचाच मागावा. गॅलनचीही तीच कथा: अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरांचा, जुना ब्रिटिश ४.५४६ लिटरांचा.

आलेख हाच पंप निवडण्याचा खरा दाखला होय. आडव्या रेषेवर पाणी, उभ्या रेषेवर हेड, आणि डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी एक वक्र रेषा. वरील उदाहरणांत मिनिटास १२५ लिटर आणि १० मीटर यांचा बिंदु ज्या पंपाच्या रेषेवर, तिच्या मधल्या भागांत पडतो तो पंप त्या तलावाचा. “जास्तींत जास्त इतकें पाणी” हा जो आंकडा पेटीवर ठळक छापलेला असतो तो नळही नाहीं आणि गाळणीही नाहीं अशा अवस्थेचा असतो. तो कोणाच्याच घरीं मिळत नाहीं. जो दुकानदार आलेख दाखवूं शकत नाहीं त्याच्याकडून पंप न घेणेंच बरें.

वेग बदलतां येणारे पंप हें या विषयांतील अलीकडचें मोठें पाऊल. त्यांत कायम चुंबकाची मोटार आणि तिला हवीं तितकीं आवर्तनें पुरविणारी इलेक्ट्रॉनिक पेटी असते. अमेरिकेंत ता. १९ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या कार्यक्षमतेच्या नियमांमुळें मध्यम व मोठ्या घरगुती तलावांसाठीं तयार होणारे बहुतेक नवे पंप याच जातीचे झाले. निम्म्या वेगाला चौथाई वीज हा वर सांगितलेला हिशेब हे पंप प्रत्यक्षांत आणतात; मात्र मंद गतीला मोटार आणि इंपेलर तितकेसे कार्यक्षम राहत नाहींत व पेटीही आपला वांटा खाते, म्हणून बचत कागदावरील आंकड्याइतकी होत नाहीं. ज्या तलावाला मोठा पंप खरोखरच लागतो, ज्याच्यावर धबधबा, कारंजें किंवा पाणी तापविण्याचें यंत्र आहे, आणि जेथें तो दिवसाकाठीं आठदहा तास चालतो, तेथें हा पंप आपली जादा किंमत भरून काढतो. परंतु ज्याचें काम पाऊण अश्वशक्तींत आणि साडेतीन युनिटांत भागत आहे त्यानें केवळ नवलाईसाठीं तो घेण्याची घाई करूं नये. वांचवावयाला तेथें फारसें उरलेलेंच नसतें. त्यांत कोंकणपट्टीची दमट खारी हवा आणि विजेचे चढउतार इलेक्ट्रॉनिक पेटीला मानवत नाहींत. पेटी गेली तर दुरुस्तीचा खर्च साध्या मोटारीच्या किमतीशीं स्पर्धा करतो. घेतलाच तर पेटी सावलींत व वाऱ्यावर असावी, आणि विजेच्या धक्क्यापासून संरक्षण देणारें साधन सोबत बसवावें. एक गोष्ट मात्र विसरूं नये: वाळू उलट्या प्रवाहानें धुतांना ती फुगून मोकळी व्हावी लागते, आणि त्यासाठीं जोराचाच प्रवाह हवा. म्हणून गाळण्यास मंद आणि धुण्यास वेगवान, असे दोन वेग त्या पंपावर ठरवून ठेवावे.

येथवरचा विचार पैशांचा झाला. मोठ्या पंपाचा दुसरा धोका तलावाच्या तळाशीं असतो. तळाच्या तोंडावरील जाळी मोडली किंवा सुटली, आणि शोषणाची तीच एक वाट असली, तर त्या तोंडावर अंग टेकलेलें मूल पंपाच्या ओढीला चिकटून राहूं शकतें. वीस सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाचें क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर भरतें. दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोग्रॅम ओढ पडली तरी एकूण दीडशें किलोग्रॅमांहून अधिक. एवढ्या जोरापुढें पोहतां येणाऱ्या मुलाचें पोहणेंही चालत नाहीं, आणि बापाचे हातही सहसा पुरे पडत नाहींत; सुटका होते ती पंप बंद केल्यावर. इ. स. २००२ मध्यें अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यांत व्हर्जिनिया ग्रीम बेकर ही सात वर्षांची मुलगी अशाच रीतीनें गरम पाण्याच्या हौदांत बुडाली. पोहतां तिला येत होतें. तिच्या नांवाचा कायदा अमेरिकन काँग्रेसनें २००७ सालीं केला, आणि तेव्हांपासून तेथें विकल्या जाणाऱ्या तळाच्या प्रत्येक झांकणाला ठराविक कसोटी उतरावी लागते.

त्या कसोटींतला भाग पंप निवडणाऱ्यानें नीट पाहण्यासारखा आहे. प्रमाणित झांकणावर मिनिटास जास्तींत जास्त किती पाणी त्यांतून ओढावें याचा आंकडा कोरलेला असतो. पंप बदलला आणि झांकण तेंच ठेवलें, तर नवा पंप त्या आंकड्यापलीकडे ओढणार नाहीं ना, हें पाहिल्यावांचून तो सुरू करूं नये. “थोडा मोठा आण” हा निरोप येथें केवळ बिलाचा राहत नाहीं. तळाशीं एकमेकांपासून निदान तीन फूट अंतरावर दोन तोंडें असावीं, म्हणजे एक झांकलें गेलें तरी पंप दुसऱ्यांतून पाणी घेईल. जुन्या तलावांत एकच असेल तर शोषणाची मुख्य वाट कांठाजवळच्या तोंडाकडे वळवून तळाच्या तोंडाचा व्हाल्व बंद ठेवण्याचा विचार जाणत्या कारागिराशीं करावा. झांकण तडकलेलें, सैल किंवा गहाळ असेल तर तें बसेपर्यंत तलावांत कोणीही उतरतां कामा नये. पंप बंद करण्याचें बटण कोठें आहे हें घरांतील मोठ्या मुलांनाही ठाऊक असावें, आणि तें बटण कुलपांत नसावें. लांब केंस मोकळे सोडून पाण्यांत बुडी मारणाऱ्या मुलींना वेणी घालण्यास किंवा टोपी घालण्यास सांगावें. जाळींत केंस गुंतल्यानेंही अपघात झालेले आहेत.

विजेबद्दल थोडक्यांत. पंपाच्या वायरींत ३० मिलिॲंपियर गळतीला तुटणारा आर. सी. सी. बी. असलाच पाहिजे, आणि मोटारीचें अर्थिंग दर पावसाळ्यापूर्वीं तपासून घेतलें पाहिजे. जुना पंप याच्यावांचून वीस वर्षें चालला, हा युक्तिवाद कारागिरानें केला तरी ऐकूं नये.

पंप बसवितांना त्याच्या दोन्ही बाजूंस व्हाल्व आणि खोलतां येणारे युनियन सांधे घालून घ्यावे. पुढच्या खेपेस नळ कापावा लागणार नाहीं. पाया सपाट व जमिनीपासून वीतभर उंच असावा, नाहींतर पहिल्याच मुसळधार पावसांत कोठडींत सांचलेलें पाणी मोटारीला स्नान घालतें. पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वीं टोपलीचें भांडें पाण्यानें भरावें. कोरडा फिरविलेला पंप थोड्याच वेळांत आपलें सील भाजून घेतो. पाणी धरल्यावर, गाळणी नुकतीच धुतलेली असतांना, दाबाच्या आणि ओढीच्या कांट्यांवर काय दिसतें तें कोठडीच्या भिंतीवर तेल-रंगानें तारखेसह लिहून ठेवावें. पुढें केव्हांही दाबाचा कांटा या आंकड्याच्या वर चढूं लागला तर माळ्यानें प्रथम गाळणी धुवावी, खालीं आला तर टोपली काढून पाहावी, आणि दुकानाचा रस्ता त्यानंतर धरावा.